अक्षरं सगळ्यांचीच मोठी

१० जून
आज कॉम्प्युटर उघडला तर अक्षरं पुन्हा मुंगीएवढी! माझ्या लॉगिनमध्ये मी केव्हाची मोठी करून ठेवली होती. नगरहून आलेल्या माणसाने दूध संस्थेतल्या सगळ्यांचं सेटिंग एकसारखं करून टाकलं. आता काहीही बदलायला गेलं की पासवर्ड मागतो. आणि तो दिलाय कुणाला? संध्याकाळच्या पाळीतल्या अश्विनीला! काल आलेली पोरगी. मी इथे बारा वर्षं दुधाचं फॅट टिपतेय — मी कोण? कुणीच नाही.

११ जून
डोळ्यांचं कुणाला सांगायचं नाही. सेक्रेटरी वाल्मिकभाऊंना कळलं तर ‘ताई, आता घरी आराम करा’ म्हणायला कमी करायचे नाहीत.

१३ जून
शेवटी नाक मुठीत धरून अश्विनीला म्हटलं, माझ्यापुरती अक्षरं मोठी करून दे, मला तशी सवय आहे. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “ताई, तुमच्या एकटीचंच मोठं केलं तर कुनीबी विचारंल. थांबा जरा.”

म्हणजे ओळखलंय तिने! आणि वर धमकी! संताप संताप झाला. जेवण गेलं नाही.

१६ जून
कडूबाईंच्या म्हशीच्या दुधाला आज मी गाईएवढं फॅट लावलं. स्क्रीनवरचा इंग्रजी आठ मला तीन दिसला. पावती नाचवत आल्या, सगळ्यांसमोर — “माझी म्हस काय पानी देती व्हय?” वाल्मिकभाऊंनी विचारलं, असं कसं झालं? मी सांगून टाकलं, अश्विनीने सेटिंगमध्ये काहीतरी केलंय, आकडे भलतेच येतात.

खोटं बोलले. पण पासवर्ड तिच्याकडेच ना? मग भोग म्हणावं!

१८ जून
अश्विनीची बदली. उद्यापासून तिकडे अकोले तालुक्यातल्या केंद्रावर. पारनेरहून रोज जाणं-येणं कुठलं जमतंय, तिकडे खोलीच बघावी लागणार. मला काही वाईट वाटलं नाही.

१९ जून
सकाळी लॉगिन केलं. अक्षरं मोठी! वाल्मिकभाऊंच्या लॉगिनमध्येही तेवढीच मोठी. दुधाचे नमुने भरणारा छगन म्हणाला, काल जायच्या आधी अश्विनी हेच करत बसली होती. त्याला म्हणाली, “सगळ्यांचंच मोठं केलंय. आता ताईस्नी कुनी काय विचारनार न्हाई.”

कडूबाईंचं फॅट बरोबर टिपलं. पावती देताना मान वर झाली नाही.