काळी बोटं

मंगळवार, संध्याकाळ

आज हे निंबोला गावच्या आमच्या केळीच्या शेतातून आले ते टॉवेलात काहीतरी गुंडाळून, चोरासारखे. बघते तर केळफूल! जन्मभर यांनी ते बांधावर फेकलं. डॉक्टरांनी यांना शुगरसाठी भाज्या वाढवायला सांगितल्या, तेव्हा मी म्हटलं होतं, याचीही भाजी होते. हसले होते तेव्हा.

"चिरायच्या आधी हाताला तेल लावा, चिकानं बोटं काळी होतात," मी सांगितलं.

"डॉक्टरनं तेल कमी करायला सांगितलंय ना!" म्हणाले आणि कोरड्या हातांनीच बसले. हाताचं तेल पोटात जातं का? पण यांना समजवायचं कोणी?

बोटं काळीकुट्ट. शेजारच्या भाऊंनी विचारलं तर म्हणे, "मोटरचं ग्रीस आहे." केळीवाल्यानं केळफूल खायचं म्हणजे लाजच की!

भाजी जरा कडवटच झाली. तरी ताट पुसून खाल्ली.

मग दाराबाहेरच्या ओट्यावर लिंबानं ती बोटं घासत बसले. भाऊ पुन्हा आले. मला वाटलं, परत ग्रीसच सांगणार. तर आतून ऐकते काय,

"केळफूल चिरलं भाऊ. उद्या तुम्हालापण आणतो. फक्त हाताला आधी तेल लावा. आमच्या घरात कोणी सांगितलंच नाही."