जी जमीन माझी नाही, तिच्याविषयी

या लेखाने दोन गोष्टी सिद्ध करावयाच्या आहेत. पहिली, हे लिहिताना माझी बुद्धी शाबूत आहे. दुसरी, मनिलाच्या पांदाकान भागातील सान इसिद्रो वस्तीच्या जमिनीचे मालकीपत्र माझ्या नावाचे असले तरी ती जमीन माझी नाही. पहिली गोष्ट सिद्ध झाली नाही तर दुसरी ऐकायला कोणी बसणार नाही, म्हणून हा क्रम.

मी, लिओकाडिया व्हिल्यारुझ मारासिगान, वय एक्याऐंशी, कै. सेवेरिनो मारासिगान यांची विधवा, तर्कशास्त्राची निवृत्त अध्यापिका व वकील, राहणार सांता आना, मनिला, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करीत आहे. सिलुंगान या संस्थेची मी स्थापनेपासून विश्वस्त आहे. जळालेल्या, बुडालेल्या आणि हुसकावलेल्या लोकांना शहराबाहेर न नेता त्यांच्याच जागी, त्यांच्या ऐपतीत बसेल असे पक्के घर बांधून देणे, हे या संस्थेचे काम.

कलम पहिले : बुद्धीविषयी

मागील वर्षी मला मेंदूचा झटका आला. डावा हात गेला, उजवा राहिला. माझा एकुलता एक मुलगा आमादेओ याने न्यायालयात अर्ज केला की आईचे भान सुटले आहे, सबब तिचा पालक म्हणून आपली नेमणूक व्हावी. निकाल लागेपर्यंत माझ्या नावावरील काहीही मला विकता वा देता येऊ नये, असा अंतरिम हुकूम झाला. मृत्युपत्र करण्यास त्या हुकुमात मनाई नाही. वस्तीसाठी मला उरलेली वाट एवढीच, आणि ती माझ्या मरणातून जाते.

न्यायालयाने पाठवलेल्या तरुण डॉक्टरांनी मला विचारले, "आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार. तुमच्या कागदावर सोमवार पडला आहे, तेवढा सुधारून घ्या."

"तुम्हाला राग लवकर येतो का?"

"उशिरा येतो. पण आला की राहायला येतो."

त्यांनी अहवालात "रुग्ण वादविवाद करते" असे लिहिले. ते खरे आहे. चाळीस वर्षे मला त्याचाच पगार मिळत होता.

कलम दुसरे : जे निर्विवाद माझे आहे

सांता आना येथील लाकडी घर, त्यातील सामान, पियानो आणि बँकेतील शिल्लक मी आमादेओला देते. आमच्या कायद्याने मुलाचा हिस्सा तोडता येतो, पण त्यासाठी ठरलेली कारणे लागतात. ती मी पुन्हा वाचून पाहिली. आईवर हात उचलणे हे कारण आहे. आईशी युक्तिवाद करणे हे नाही. तो त्याला मीच जेवणाच्या टेबलावर शिकवला. म्हणून त्याचा हिस्सा तोडण्याचा मला अधिकार नाही, आणि असता तरी मी तो वापरला नसता.

कायद्याची पुस्तके सिलुंगान संस्थेला. मांग देलफिन, म्हणजे आमच्या बोलीत देलफिनकाका, या गवंड्याने मरताना माझ्याकडे सोपवलेला पितळी ओळंबा वस्तीच्या मंडळाला. नवी भिंत उभी राहील तेव्हा तो लावावा आणि एरवी खिळ्याला टांगून ठेवू नये, दोरा कुजतो.

संस्थेचे एक माजी विश्वस्त, ज्यांना इमारतीवर स्वतःचे नाव संगमरवरात हवे होते, त्यांनी माझ्या पार्थिवाशेजारी भाषण करू नये. त्यांना मी क्षमा केलेली नाही. बसू द्यावे, कॉफी द्यावी, बोलू देऊ नये.

कलम तिसरे : जमीन माझ्या नावावर कशी आली

एक्याण्णव साली सान इसिद्रो वस्ती जळाली. नाल्याच्या काठची लाकडी घरे, वाटा एवढ्या अरुंद की बंब मुख्य रस्त्यावरच थांबला. राख गरम असतानाच जमीनमालकिणीची माणसे कुंपणाचे खांब घेऊन आली. एकदा कुंपण पडले की आत येता येत नाही, हे आमच्या शहरात लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून लोक ओली पोती अंथरून राखेवरच झोपले, ज्याचे त्याचे घर होते त्याच जागी. अलिंग पासिंग, म्हणजे पासिंगमावशी, पासेन्सिया दिमातुलाक, तिच्या धाकट्या मुलाचा देह सापडला त्या जागेवर बसून राहिली. तिथे आता जिना आहे. जिन्याखाली वस्तीतले कोणी सामान ठेवत नाही. हा पुरावा न्यायालयात चालणार नाही, हे मी जाणते. म्हणून पुरावा म्हणून मांडत नाही, केवळ लिहून ठेवते.

मालकीण वृद्ध विधवा होती, घराणे जुने. जमीन विकायला तयार झाली, पण वस्तीच्या मंडळाला नाही. ती मला म्हणाली, "ज्यांना मी माझ्या टेबलावर जेवायला बसवू शकत नाही, त्यांना माझ्या सासऱ्यांची जमीन विकल्याचा कागद मी करणार नाही. तुम्हाला करते. तुम्ही पुढे काय करता ते मला सांगू नका."

मी जेवले आणि सही केली. पैसे संस्थेने उभे केले आणि वस्तीने सतरा वर्षे हप्त्यांनी पूर्ण फेडले. त्यात माझा एक पेसोही नाही. किंमत एकाने दिली आणि नाव दुसऱ्याचे लागले, तर नाव लागलेला माणूस विश्वस्त ठरतो, मालक ठरत नाही; हे तत्त्व आमच्या कायद्यात स्पष्ट आहे. फेड कोणी केली याची साक्ष संस्थेचे हिशेब देतील. माझे म्हणणे एवढ्यावरच सिद्ध होते.

पण विरुद्ध बाजू दुबळी करून मांडणे ही लबाडी आहे. म्हणून ती तिच्या पूर्ण बळानिशी पुढे मांडते.

कलम चौथे : पूर्वपक्ष

आमादेओ म्हणतो, आई स्वतःला मालकीण समजत होती, आणि तिने तसे चारचौघांत सांगितले. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, समोर उभा होता, आणि त्याने छायाचित्र काढले.

हे घडले आहे. पाया खणून झाला होता. आमच्याकडे पहिल्या खांबाच्या खड्ड्यात कोंबडीचे रक्त सोडल्यावाचून कोणी सिमेंट ओतत नाही. नाहीतर घर माणसाचे रक्त मागते, असे म्हणतात. ज्या वस्तीने नुकतीच आपली मुले पुरली होती, तिच्यापुढे मी तर्कशास्त्र काढले नाही. सिमेंट कालवून तयार होते आणि मांग देलफिन फावडे टेकून उभा होता.

"मालक कोण? सुरी मालकानं धरायची. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मालक आम्ही सगळे," अलिंग पासिंग म्हणाली.

"अहो बाई, कोंबडी आहे ती, रेडा नाही. एवढे हात मावतील का तिच्यावर?"

लोक हसले, मग भांडू लागले. तू धर, तो नको, त्याने हप्ता बुडवला आहे, तिचा नवरा पितो. सिमेंट घट्ट होऊ लागले. मागून कोणीतरी म्हणाले, "कागदावर नाव वकीलबाईंचं आहे ना, मग त्यांनाच धरू द्या की." मांग देलफिनने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही मालकीण?"

मी म्हणाले, "हो, मीच. आण ती सुरी."

छायाचित्र त्याच क्षणाचे आहे. माझ्या हातात सुरी आहे आणि मी हसते आहे. आमादेओचा वकील ते न्यायाधीशांसमोर ठेवील. तो म्हणेल की पवित्र मानलेल्या विधीच्या वेळी, साक्षीदारांसमक्ष केलेले हे विधान आहे, आणि विधान करणारी बाई कायदा जाणत होती. त्याच्या जागी मीही हेच म्हटले असते.

कलम पाचवे : उत्तरपक्ष

छायाचित्रात पुढचा क्षण नाही. माझ्याच्याने कोंबडी कापवली नाही. मान धरली, पीस माझ्या मनगटाला लागले, आणि सुरी खाली आलीच नाही. अलिंग पासिंगने सुरी माझ्या हातातून काढून घेतली.

"सोडा, वकीलबाई. तुमचं हे काम नव्हे. तुम्ही कागद कापा."

तिने एका हाताने कापली आणि रक्त खड्ड्यात सोडले. चारी कोपऱ्यांना तीच फिरली. मांग देलफिनने टोपी काढली आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "रक्त जिच्या हातनं पडलं, ती मालकीण. कागदाचं काय ते कागदवाले बघतील."

कोणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. त्या विधीत मालक कोण हे सुरी धरणारा हात ठरवत नाही, रक्त सोडणारा हात ठरवतो. पूर्वपक्ष ज्या विधीचा आधार घेतो, त्याच विधीने त्या सकाळी निकाल दिला होता. त्या वेळी तिथे असलेली माणसे अजून हयात आहेत. ती शपथेवर सांगतील.

कलम सहावे : तरीही मी हरले तर

न्यायालयाने जमीन माझीच ठरवली, तर जी अर्धी मला इच्छेप्रमाणे देता येते ती मी वस्तीच्या मंडळाला देते. उरलेली अर्धी कायद्याने आमादेओची. ती अर्धी म्हणजे काय, हे वाचणाऱ्याने समजून घ्यावे. घरांच्या भिंती सामाईक आहेत. एका बाजूची पाडली की दुसऱ्या बाजूची उभी राहत नाहीत. आमादेओला हे ठाऊक आहे, म्हणून वस्ती उठवायला त्याला अर्धी पुरेशी आहे.

तो मला भेटायला येतो, फळे आणतो, माझी उशी नीट करतो.

"आई, मी कोणाला रस्त्यावर काढत नाहीये. त्यांना नवी घरं मिळणार आहेत, शहराबाहेर, काव्हितेला. पाण्याचं कनेक्शनसुद्धा आहे."

"आणि काम? पहाटे निघाली तर ती माणसं पांदाकानला पोचणार कधी?"

"सगळ्यांचं सगळं आपणच बघायचं का?"

"तुझं कोणी बघितलं होतं?"

"तू नाही," तो म्हणाला. "तू त्यांच्या मीटिंगमध्ये असायचीस."

ते खरे असल्याने इथे नोंदवते. पण त्याने जमीन त्याची होत नाही.

कलम सातवे : मृत्यूनंतर

माझ्या पार्थिवाशेजारचे जागरण वस्तीच्या दालनात व्हावे. आमच्याकडे जागरणाहून निघालेला माणूस थेट घरी जात नाही. मृताने मागोमाग येऊ नये म्हणून वाटेत कुठेतरी थांबतो. बाकीच्यांनी खुशाल थांबावे. वस्तीतल्यांचे घर दालनाला लागूनच असल्याने त्यांनी पावसात भिजत हिंडू नये. मी मागोमाग आले तर जिन्याच्या वर जाणार नाही.

कलम आठवे : साक्षीदारांविषयी

अलिंग पासिंगची मुलगी रोवेना, वस्तीच्या मंडळाची आजची अध्यक्ष, साक्षीची सही करायला आली होती. मी नाही म्हणाले.

"का? तुम्हाला माझ्याइतकं कोण ओळखतं?"

"ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष घेतली, तर मिळणारं जातं."

"म्हणजे ज्याचं काही जात नाही, त्यानंच खरं काय ते सांगायचं?"

"कायद्याची तशी समजूत आहे."

"मग आमची आई उगाच बोलत राहिली जन्मभर," रोवेना म्हणाली, आणि माझी औषधे लावून ठेवून गेली.

म्हणून साक्षीला ज्यांना यातून काहीही मिळत नाही अशी तीन माणसे घेतली आहेत. त्यांनी हे सर्व वाचले आहे आणि मी प्रत्येक पानावर सही करताना पाहिले आहे.

कलम नववे : कबुली

कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की वस्तीने शेवटचा हप्ता दोन हजार नऊ साली भरला. त्यानंतर मी धडधाकट होते, हुकूम नव्हता, अर्ज नव्हता. मग जमीन मंडळाच्या नावावर का केली नाही?

अलिंग पासिंग कागद घेऊन आली होती. पाय पुसून आत आली, आणि खुर्ची दिली तरी बसली नाही.

"वकीलबाई, आता आमच्या नावावर करून टाका. तुमचा मुलगा चांगला आहे हो, पण पोरं ती पोरंच."

"पुढच्या वर्षी बघू. आत्ता नावावर केली तर निम्मे लोक विकून मोकळे होतील."

"विकेनात का. त्यांचं आहे."

"अजून तयार नाहीत ते, पासिंग."

"आम्ही राखेवर झोपलो होतो, तेव्हा तयार होतो का नव्हतो, ते कोणी विचारलं नव्हतं." मग म्हणाली, "तुम्ही मेलात तर?"

"मी इतक्यात मरत नाही."

"मी मरेन ना."

ती पुढच्या पावसाळ्यात फुफ्फुसाच्या आजाराने गेली. तिचे नाव कोणत्याही मालकीपत्रावर कधी आले नाही.

विकून टाकतील, हे कारण मी स्वतःलाही सांगत होते. ते कारण नव्हते. मी वस्तीच्या दालनात शिरले की सगळे उठून उभे राहत. नाव उतरल्यावर ते कदाचित बसूनच राहिले असते. एवढ्यासाठी मी पुढची नऊ वर्षे "पुढच्या वर्षी" म्हणत राहिले, आणि आज त्या घरांचे भवितव्य माझ्या बुद्धीविषयीच्या एका अर्जावर टांगले आहे.

जमीन माझी नाही हे सिद्ध करायला मला इतकी पाने लागली. अलिंग पासिंगने पुढे केलेल्या कागदावर एक सही पुरली असती. ती मी केली नाही. ही माझी चूक आहे, दुसऱ्या कोणाची नाही, आणि हे शुद्ध बुद्धीने लिहून खाली माझ्या उजव्या हाताने सही करीत आहे.

लिओकाडिया व्हिल्यारुझ मारासिगान

सांता आना, मनिला
११ ऑगस्ट २०१९

आमच्यासमक्ष :
फादर होनोरातो लिंगाद
डॉ. पेर्लिता उमाली
ग्रेगोरिया तान्सिओको, निवृत्त शिक्षिका