टाकीत पाय

४ जुलै
आणि पळपुट्या कशाचा हो मी, अण्णा? गॅरेज सोडलं, हॉटेल सोडलं, मान्य. पण तिथं कोण टिकलं असतं? आता बघा. दारव्ह्यापासून एवढ्या लांब, इंदूरच्या पुढं सांवेरकडं, दलदलीवर नोकरी धरलीये. खोली, पंखा, सकाळी पोहे. काम सोपं. सिमेंटच्या टाक्यांत पाणी अन् कुजका पाला घालायचा. त्यात मालकीण पूर्णिमा मॅडमचे भुंगेरे वाढतात. मुगाच्या डाळीएवढे, तपकिरी, टुणकन उडतात. ही जात फार कुणाला माहीतच नाही, म्हणाल्या. या वेळी टिकून दाखवतो तुमचा पोरगा.

९ जुलै
जोडीला तुकोजी आहेत, इंदुरातल्या ‘जुनी इंदूर’ मोहल्ल्यातले. म्हणतात, भिया, म्हणजे भाऊ, टाकीत पाय सोडून बसत जा, दिमाग एकदम ठंडा. स्वतः दिवसभर तसेच बसतात. घरून आलेला डबा मात्र तसाच पाल्यात ओततात, मी पाहिलं. विचारलं तर हसले. भूकच नाही लागत यार, म्हणाले. हा माणूस मला सरळ वाटत नाही.

१४ जुलै
माझ्या गमबुटाला भोक. दाभणानं पाडल्यासारखं. काल नव्हतं. तुकोजीच, दुसरं कोण! मॅडमना सांगितलं, तर त्यांनी बूट नाही, आधी माझे पाय पाहिले. भुंगेऱ्यांच्या अळ्या पाला खातात, माणूस नाही, म्हणाल्या. मी कुठं तसं विचारलं होतं?

१८ जुलै
बोटांच्या बेचक्यात खाज. तपकिरी ठिपके. नखानं काढायला गेलो, तर ठिपका सरकला. आत.
तुकोजींनी दुपारी लुंगी वर केली. बघा भिया, काही दुखत नाही, म्हणाले. गुडघ्याखाली — नको. नाही लिहीत.

१९ जुलै
पिशवी भरली. सडकेवर बस दिसत होती. हो अण्णा, पळपुट्या तर पळपुट्या! जीव तोडून धावलो. अन् बघतो तर मीच टाकीच्या काठावर बसलेला. पाय पाण्यात. पिशवी कुठाय —

२१
तुकोजी नाहीत. लुंगी तरंगतेय. मॅडमना ओरडून सांगितलं. हो, म्हणाल्या, अन् माझ्या टाकीत पाला टाकला. मूठभर —

बहुतेक रविवार
अण्णा, आता कुठं जात नाही. गार वाटतं. जेवण नको, चहा नको. खर्चच नाही काही. पगार आईच्या खात्यात टाकू का, मॅडमनी विचारलं. मान हलवली. एक पैसा न ठेवता पाठवतोय, चौदा हजार पाच —