नवसूच्या किल्ल्यासाठी योग्य सैन्य

पंचवटी, नाशिक
१३ ऑक्टोबर १९७९

ती. रा. रा. बहिरू दाजींच्या सेवेशी,

धाकटा मेहुणा निवृत्ती याचा आदरपूर्वक, पण जरा वैतागलेला नमस्कार.

इगतपुरीचा पाऊस एकदाचा आवरला असेल आणि तुमचा गुडघाही ताळ्यावर आला असेल, अशी आशा आहे. इकडे माहेरी यशोदाअक्काची तब्येत उत्तम. आठवा महिना लागला, तरी डोहाळे अजून तिसऱ्या महिन्याचेच चालू आहेत (काल चिंचा, आज भट्टीतले फुटाणे, आणि दोन्ही आणायला मी). आई ठणठणीत आहे. तिची धुण्याची सवयही ठणठणीत आहे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय तिला घरात चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! गेल्या दिवाळीत तुमचं मनगटी घड्याळ मोरीच्या फळीवर राहिलं आणि तिने ते चिंच लावून घासलं, तो विषय आपण संपवला आहे, म्हणून मी तो काढत नाही.

तुमचं कार्ड पोचलं. रजा मिळत नाही, दिवाळीला येणं होणार नाही, सबब नवसूच्या किल्ल्यासाठी योग्य ते सैनिक घेऊन द्यावेत, म्हणजे पोरीचं मन रमेल, असं तुम्ही लिहिता. रेल्वेतल्या गार्डाची नोकरी, रजेबद्दल कोण काय बोलणार? पण दाजी, 'योग्य' हा शब्द लिहून तुम्ही मोकळे झालात आणि इथे आमच्या डोक्याला ताप झाला. तुम्ही येत नाही हे ऐकल्यापासून नवसूने एकच धोशा लावला आहे, की किल्ल्यावर माणूस पाहिजे. किल्ला तिने स्वतः बांधला आहे, मागच्या नळाजवळ, गोणपाट, विटांचे तुकडे आणि (सांगायला लाज वाटते) शेजारच्या बांधकामावरची माती वापरून. वर मोहरी पेरली आहे. पायथ्याशी आरपार एक भोक ठेवलं आहे. किल्ल्यावर माणूस येईपर्यंत ती तिथून उठायला तयार नाही, ताटसुद्धा तिथेच न्यावं लागतं. साडेचार वर्षांची पोर, पण हट्ट अस्सल तुमच्या घराण्याचा.

मी पडलो नगरपालिकेचा कारकून. कुठलंही काम एकट्याने करण्याची सवय आता राहिलेली नाही, म्हणून चार जाणत्यांचा सल्ला घेतला. आई म्हणाली, पोरीच्या जातीला सैनिक कशाला, भातुकली द्या. (हीच आई परवा पाणी घातलेल्या दुधावरून दूधवाल्यामागे लाटणं घेऊन फाटकापर्यंत गेली होती.) वरच्या मजल्यावरच्या वत्सलाबाई बालवाडीत शिकवतात. त्या पुण्याला कसलंसं शिबिर करून आल्यापासून आमच्या कॉलनीत साधं पोर म्हणून उरलेलं नाही, प्रत्येकाला भावविश्व फुटलं आहे. त्यांनी सांगितलं की सैनिक जरूर द्या, पण शस्त्राशिवाय द्या, कारण शस्त्र पाहून बालमन हिंसक होतं. त्या स्वतः त्यांच्या मुलाला रट्टे देतात, पण ते नुसत्या हाताने, एवढं कबूल करायला हवं. आणि तिसरे सुभेदार सावळीराम. देवळालीला तोफखान्यात उभी हयात गेली त्यांची (तोफखान्याच्या मुदपाकखान्यात, असं त्यांची मंडळी सांगते). त्यांनी किल्ल्याची पाहणी केली, त्या भोकाला चोरदरवाजा ठरवून नवसूची पाठ थोपटली आणि सैन्यभरतीला स्वतः येतो म्हणाले. येऊ नका म्हणण्याची छाती आमच्यात कुणाची?

रविवार कारंज्यापाशी दिवाळीच्या मावळ्यांची दुकानं मांडली जातात, ती तुम्ही पाहिली आहेत. कुसाबाई नावाची म्हातारी गोणपाट टाकून बसली होती. सुभेदारांनी एकेक मावळा उचलून डोळ्यांसमोर धरायला सुरुवात केली. याचा पट्टा ढिला, याची छाती आत, हा मान वाकडी करून उभा, हा चक्क हसतोय. एकाला मिशी एकाच बाजूला रंगवलेली होती, त्याच्यावर तर ते असे बिघडले की जणू तो परवानगीशिवाय अर्धी काढून आला आहे. ऊन डोक्यावर आलं, मागची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तशी कुसाबाई शांतपणे म्हणाली, "बाबा, लढायला न्यायचे का शोभंला?" सुभेदारांनी हातातला मावळा मुकाट खाली ठेवला. मी डझनभर मावळे घेतले, आपल्या रिवाजाप्रमाणे वर एक मागितला, आणि म्हातारीने वर म्हणून तोच अर्ध्या मिशीचा टाकला.

घरी आल्यावर निःशस्त्रीकरण. वत्सलाबाई समोर बसल्या आणि मी आईच्या अडकित्त्याने तलवारी छाटायला घेतल्या. दाजी, सुपारी कातरणं वेगळं आणि फौज कातरणं वेगळं. तलवारीबरोबर कुणाचं मनगट गेलं, कुणाचं कोपर. ज्यांचे हात उरले ते नुसतेच वर राहिले, आणि सगळं सैन्य वर्गात बाईंकडे बाहेर जाण्याची परवानगी मागत असल्यासारखं दिसायला लागलं. वत्सलाबाईंना मात्र ते फार आवडलं. त्यांना जिन्यापर्यंत पोचवून मी परत येतो तो सैन्य जागेवर नाही. आमच्या हिला, मालनला विचारलं, तर तिने नुसतं मोरीकडे बोट दाखवलं. बाजाराचा माल! आईने तो धुवायला बादलीत टाकला होता. आता हे मावळे कच्च्या मातीचे, उन्हात वाळवलेले, भट्टी त्यांनी बघितलेली नाही. बादलीत तळाला चिखल आणि वर जांभळट पाणी. आईचं म्हणणं असं की पाण्याने जी वस्तू विरघळते ती मुळात स्वच्छ नसणारच. (घड्याळाच्या वेळीही ती हेच म्हणाली होती, पण तो विषय आपण संपवला आहे.)

दुसऱ्या दिवशी मेन रोडवरून प्लॅस्टिकचे सैनिक आणले. हिरवे, टोपीवाले, पोटावर पडून बंदूक रोखलेले. आईने ते धुतले आणि पास केले. वत्सलाबाई बंदुका बघून न जेवता वर गेल्या. सुभेदारांनी त्यांच्या टोप्या बघून ही आपली फौज नव्हे, शत्रूची आहे, असं जाहीर केलं, आणि किल्ला आपला असताना आत शत्रू कसा ठेवायचा यावर नळाजवळ चांगली हमरीतुमरी झाली. नवसू एका बाजूला बसून एकेक सैनिक उलटा सुलटा करून बघत होती. सगळे बघून झाल्यावर तिने ते पुन्हा खोक्यात भरले आणि मला विचारलं, "मामा, यातला निशाणवाला कुठाय?"

झेंडा किल्ल्याच्या टोकाला लावतात, असं सुभेदार समजावून सांगायला लागले. नवसूने मान हलवली. झेंडा नाही, हिरवं निशाण. ते दाखवल्याशिवाय गाडी सुटत नाही. सुभेदारांचा तो चोरदरवाजा म्हणजे, दाजी, घाटातला बोगदा आहे. वरती मोहरीचं गवत आहे तो तुमचा घाट आहे. आम्ही शहाणी माणसं आठवडाभर तलवारी आणि बंदुका मोजत बसलो, आणि पोरीला किल्ल्यावर गार्ड हवा होता. मला तर फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग आठवलं की कातरताना एक मावळा खाटेखाली घरंगळला होता. वाकून काढला तर तोच, अर्ध्या मिशीचा. डावा हात अडकित्त्यात गेलेला, उजवा वर. त्या मुठीत काडेपेटीची काडी बसवली आणि तिला हिरवा तुकडा चिकटवला (अक्काच्या ओटीसाठी आणलेल्या खणाचा, त्यामुळे मालन माझ्याशी अजून मोजकंच बोलते). नवसूने त्याला बोगद्याच्या तोंडाशी उभं केलं. बराच वेळ बघितलं. मी भीतभीत विचारलं, हे बाबा का? तर म्हणाली, "हे बाबा नाहीत. हे बाबांच्या बदलीवर आलेत." सुभेदारांनी त्या अर्ध्या मिशीच्या माणसाला खाडकन सलाम ठोकला आणि तसेच घरी गेले.

तेव्हा आपल्या आज्ञेप्रमाणे योग्य तो सैनिक मिळाला, काळजी नसावी. आपली नोकरी मोठी, आपण सवड काढावी असं मी कोण म्हणणार? थोरांना नमस्कार, गुडघ्याला महानारायण तेल.

आपला,
निवृत्ती

ता. क. एक सांगायचं राहिलं. परवा नाशिकरोडला तुमचे जोडीदार भिकनराव भेटले. चहा घेता घेता म्हणाले की तुमची रजा दसऱ्यालाच मंजूर झाली आहे. अक्काला मी यातलं काही बोललो नाही. (मालनला बोललो आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत कळेलच.)

पुन्हा ता. क. आईने देवघरात, देवांच्याही वर, एक नवा खिळा ठोकून घेतला आहे. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, पावण्यांच्या घड्याळाला. तोंडाने ती माफी मागायची नाही, पण अनारशाचं पीठ दरवर्षीपेक्षा दुप्पट भिजवलं आहे, आणि आमच्या घरात अनारसे कोण खातं ते तुम्हाला ठाऊक आहे.

शेवटचं. पाकीट चिकटवत होतो तर नवसू विचारायला आली, बदलीवाले जेवणार कधी? म्हटलं, उतरतील आणि जेवतील. तर म्हणे, सोडवायला माणूस आल्याशिवाय गार्डाला जागा सोडता येत नाही, बाबांनी सांगितलंय. दाजी, आता हे तुम्हीच शिकवलेलं आहे, मी काय उत्तर देऊ? पहाटेचं दव पडायला लागलं आहे, आणि माणूस कच्च्या मातीचा आहे. फार दिवस उभा राहायचा नाही.