चौकातला फळा

तळेगाव, शुक्रवार

प्रिय अपूर्वा,

सगळ्यात आधी हे वाच, बाकीचं मग. बाबा आहेत. आत्ता पलीकडच्या खोलीत पडलेत. सकाळी वाटीभर पेज घेतली आणि पेजेत मीठ कमी पडलं म्हणून मला ऐकवलंसुद्धा. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून कागद पुढे ओढला. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना गणितं घातली, स्वतःच्या मुलीला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

सोमवारी गावच्या ग्रुपवर फळ्याचा तो फोटो फिरला. वर 'दुःखद निधन', खाली बाबांचं नाव, आणि फोटोखाली लोकांचे जोडलेले हात. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि मी आत बाबांचं अंग पुसत होते. तू तिकडे बंगळूरला ऑफिसच्या जिन्यात बसून तासभर फोन करत राहिलीस. त्या तासात तुझं काय झालं ते तू मला आधी रडत सांगितलंस, मग ओरडत सांगितलंस, आणि दोन्ही मी ऐकून घेतलं. शेवटी बाबांनीच फोन मागून घेतला आणि 'कोण, अपू का?' म्हणाले तेव्हा तू जी गप्प झालीस, ती शांतता मला इकडे पलंगापाशी ऐकू येत होती. त्याबद्दल मी तुझी कितीही समजूत घातली तरी कमीच पडेल.

पण मग तू तुझ्या चुलतभावाला, यशोधनला, फोन करून पप्पूविरुद्ध पोलिसात तक्रार करायला सांगितलंस. उचलली जीभ लावली टाळ्याला! बाबा आजारी पडल्यापासून फळा पप्पू लिहितो, खडू त्याच्या चहाच्या गाडीवर असतात, म्हणून हेही त्यानेच लिहिलं, असं तू ठरवून टाकलंस. मी यशोधनला थांबवलं तर माझ्यावर रुसलीस. अगं, पप्पूचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तो फोटो पुन्हा एकदा नीट बघ. पप्पूने काही केलेलं नाही आणि त्याच्याविषयी तू जे बोललीस ते इथे आल्यावर तुला परत घ्यावं लागेल.

बाबांना त्या फळ्याचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. कारखान्यात ते टाइमकीपर होते. दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिण्यात नोकरी गेली, आणि पाळीवर जायच्या आधी चौकात सायकल टेकवून गावाच्या बातम्या. मंगळवारी पाणी येणार नाही. पोलिओचा डोस. तपकिरी शेळी हरवली आहे, डाव्या कानाला चीर आहे. कुणाच्या मुलीला पदक मिळालं. आणि कुणी गेलं की तो दिवस फक्त त्याचा. बाकी सगळं पुसून मधोमध एकच बातमी. नाव, वय, आळी आणि अंत्ययात्रेची वेळ. वेळेचा त्यांचा हट्ट तुला ठाऊक आहे. माणूस गेलाय हे नुसतं कळून उपयोग काय, कधी निघायचं ते कळलं पाहिजे, म्हणायचे. वेळ पक्की झाल्याशिवाय त्यांनी कधी कुणाची बातमी लिहिली नाही. लोक फळ्यापुढे चपला काढून उभे राहायचे आणि मग भाजीची पिशवी घरी ठेवून थेट त्या घरी जायचे. फोन कुणी करत नसे.

एकदाच चुकले. तू चौथीत असशील. पवनेकडचे कोंडाजी आबा आठवतात? आपल्याकडे तांदूळ घालायचे ते. त्यांच्या भावकीत दोन कोंडाजी. सांगावा घेऊन आलेला माणूस घाईत होता, आणि बाबांनी आपल्या ओळखीच्या कोंडाजींचंच नाव लिहून टाकलं. नेमके त्याच दिवशी आबा कामशेतहून तांदळाची पोती घेऊन चौकात उतरले. त्यांना वाचता येत नव्हतं. लोक आपल्याकडे असे भूत बघितल्यासारखे का बघतायत ते कळेना. शेवटी पप्पूच्या वडिलांनी हातात चहा दिला आणि फळा वाचून दाखवला. आबा इतके हसले की चहा सगळा सदऱ्यावर. बाबा मात्र दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आबांची बायको, शालूबाई, नारळ आणि गुळाची ढेप घेऊन दारात. म्हणाली, 'भाऊ, वाईट वाटून घिऊ नगा. मेल्याची वार्ता उटली का मानसाचं आयुष्य वाढतं. लय उपकार केलं तुमी. आता ह्यो मला पोचवून मंगच जाईल.'

मी आतून ऐकत होते आणि मला हसू आवरेना. ती गेल्यावर मी बाबांना म्हटलंसुद्धा, कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही आणि तुमच्या खडूने माणूस जगत नाही. तुझी आई तशीच. उपास केला नाही, दृष्ट काढली नाही, तुझ्या गळ्यात कधी ताईत बांधू दिला नाही. पण खरं सांगू? शालूबाई दोन वर्षांपूर्वी गेली, कपाळाला कुंकू घेऊन गेली. कोंडाजी आबांनीच तिला पोचवलं. तिची बातमी बाबांनी लिहिली. आबा अजून आहेत, नव्वदी ओलांडून गेलेत, आणि नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजाराला येतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असंच मी म्हणत आले.

आता नगरपरिषदेचं. तुला मी फोनवर थोडं सांगितलं होतं, पण तू घाईत होतीस. चौक मोठा करायचा, मधोमध कारंजं, एका अंगाला फोटो काढायची जागा आणि कोपऱ्यावर मोठा स्क्रीन. लोणावळ्याला जाणाऱ्या लोकांनी शनिवार-रविवारी जरा इकडेही वळावं, असा विचार आहे म्हणे. विचार वाईट नाही, रस्ता अरुंद आहे हे बाबाही मान्य करतात. फक्त फळ्याची भिंत रुंदीकरणात जात होती. हरकती मागवल्या तेव्हा बाबांनी एक पानी हरकत लिहिली आणि सुनावणीला इस्त्रीचा शर्ट घालून, मला बरोबर घेऊन, रिक्षाने गेले. तेव्हा अजून उभे राहता येत होतं त्यांना. साहेबांच्या खुर्चीत कोण, तर चैताली, माझी दहावीची विद्यार्थिनी. पोरगी उठून उभी राहिली, बाबांना पाणी दिलं. म्हणाली, काका, निधनवार्ता आम्ही स्क्रीनवर घेऊ की, तुम्ही नुसतं व्हॉट्सअ‍ॅप करा. बाबांनी विचारलं, त्या बातमीनंतर काय दिसेल? ती म्हणाली, पुढची जाहिरात. बाबा म्हणाले, मग माणूस चप्पल कधी काढणार? चैतालीने तिच्या हातात होतं तेवढं केलं, फळा फोडायचा नाही, उतरवून गोदामात जपून ठेवायचा, असं लिहून घेतलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, तिचंही बरोबर आहे, नीरजा, आता फळा वाचायला चौकात थांबतो कोण? असं ते कशालाच म्हणायचे नाहीत, म्हणून मला फार लागलं.

आता जे तुला मी सांगितलेलं नाही ते. गणपती झाल्यावर बाबांना पुण्याला दाखवायला नेलं होतं ना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत थांबवून घेतलं. म्हणाले, आजी, यांना आता परत आणू नका. प्रवासाने त्रासच होईल. घरी ठेवा, आवडेल ते खायला द्या. 'आवडेल ते खायला द्या' याचा अर्थ काय होतो ते मला गणितासारखं कळलं. तुला मी फोनवर म्हटलं, औषधं बदललीत. बंद झाली होती, अपू. वेदनेची तेवढी एक गोळी राहिलीय. पोटात पाणी साठतं, पाय सुजतात, दुपारी माणूस ओळखायला क्षणभर उशीर होतो. बाबांना मी काही सांगितलं नाही आणि त्यांनी मला काही विचारलं नाही. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर न विचारणं हेसुद्धा उत्तरच असतं. मी रात्री त्यांचा श्वास ऐकत पडते आणि सकाळी चहा करते. मला भीती वाटते. हे मी अजून कुणाला म्हटलेलं नाही.

सोमवारी फोटो फिरल्यावर अर्धं गाव दारात आलं. कुणी हार घेऊन, कुणी पांढरी टोपी घालून. आणि आत बघतात तर बाबा उशीला टेकून बसलेले. एकेक जण चपला काढून आत यायचा आणि काय बोलावं ते न सुचून जिवंत माणसाच्या पाया पडायचा. हार कुठे ठेवायचे तेही कुणाला कळेना, शेवटी मी सगळे देवापुढे घातले. बाबांनी किती दिवसांनी इतकी माणसं एकदम पाहिली! कुणाचा मुलगा कुठे लागला, घोरावाडीच्या त्या बाजूला कुणाची जागा गेली, उर्शाच्या टोलनाक्यावर कुणाला नोकरी मिळाली, सगळ्यांची चौकशी केली. पप्पूने गाडी बंद ठेवून सगळ्यांना चहा आणला. लोक त्याच्याकडे रागाने बघत होते, आणि तो मान खाली घालून कप देत होता. कोंडाजी आबा दुपारी आले. पलंगापाशी जमिनीवरच बसले, बाबांचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि चोळत बसले. म्हणाले, 'आता काय न्हाई हुत तुमाला, भाऊ. माझंच बगा की.' आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या म्हाताऱ्याने काहीही विचारलं नाही. नुसतं बघितलं, आणि मला स्वयंपाकघरात निघून यावं लागलं.

कारण ते मी लिहिलं होतं, अपू. बुधवारी फळा उतरणार हे ठरलं होतं. सोमवारी पहाटे दूध आणायला म्हणून निघाले, शाळेतले उरलेले खडू पदरात बांधले होते. पप्पू शेगडी पेटवत होता, त्याने मला बघितलं आणि पाठ करून भांडी घासत बसला. तोंडातून एक शब्द काढला नाही, तेव्हाही आणि लोक त्याला बोलत होते तेव्हाही. मी फळा कोरडा पुसला आणि माझ्या नवऱ्याचं नाव लिहिलं. मूर्खपणा आहे, मला कळतं. तुझ्या आईने आयुष्यात एवढी एकच गोष्ट डोळे मिटून केली, आणि त्यात तुझा विचार सुटला. फोटो काढून कुणी टाकेल आणि तो तुझ्यापर्यंत जाईल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्या डोक्यात फक्त शालूबाई होती. तिला मिळालं ते मलाही हवं होतं. यांनी मला पोचवावं, मी यांना नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बाबांनी यशोधनचा फोन मागून घेतला, चष्मा लावला आणि तो फोटो मोठा करून बघितला. मी चोरासारखी दारात उभी होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, खडू लागलेली बोटं धुऊन कधीच स्वच्छ झाली होती, तरी ती हातात घेऊन बघितली. म्हणाले, 'सगळं नीट लिहिलंस. वेळ तेवढी घालायची राहिली.' मी म्हटलं, मला ठाऊक नव्हती. त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मग म्हणाले, 'असू दे. पण अपूला खरं काय ते कळव, ती पोर उगाच भांडत बसेल.'

बुधवारी फळा गेला. चैताली स्वतः उभी होती, गोणपाटात गुंडाळून नेला. भिंतीवर एक चौकोन उरलाय, तोही पुढच्या आठवड्यात जाईल. म्हणजे आता खरी बातमी लिहायची झाली तर जागा नाही, आणि तुला ती पुन्हा फोनवर कळावी हे माझ्याने सोसवणार नाही. म्हणून पत्र. सुट्टीचं बघ, मिळेल तशी घे आणि लवकर ये, रागातच आलीस तरी चालेल. काल मी बाबांना सांगून टाकलं की अपू येतेय. तेव्हापासून उशाचं घड्याळ त्यांनी तोंडासमोर ठेवायला लावलंय, आणि सारखं विचारतायत, तुझी गाडी किती वाजताची आहे.

वाट बघत बसलेली,
तुझीच आई