सकाळी सहाच्या चार गोळ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचे आणि मला 'आजी' म्हणतात. म्हटलं, मला नातवंडं नाहीत, तेव्हा 'बाई' म्हणा. नवरा शेजारी बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. कॅन्सर त्याच्या प्रोस्टेटमध्ये आणि लाज मात्र माझ्या तोंडाची!

तर इंजेक्शनं चालू राहणार, आता जोडीला गोळ्या. रोज चार, एकदम, रिकाम्या पोटी. आधी दोन तास काही खायचं नाही, नंतर एक तास नाही. चावायच्या नाहीत, फोडायच्या नाहीत, पाण्याबरोबर अख्ख्या गिळायच्या. शिवाय एक छोटी गोळी, ती मात्र खाण्याबरोबर. पोटात अन्न असलं की मोठ्या गोळ्या अंगात नको तेवढ्या भिनतात, म्हणाले.

नवऱ्याने एकच विचारलं. "बेकरी चालू ठेवता येईल ना?"

४ फेब्रुवारी, मंगळवार

औषधाबरोबरचा कागद दोनदा वाचला. बारीक अक्षरांत असतं तेच कामाचं असतं, हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. 'गर्भवती स्त्रियांनी या गोळ्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये.' सदुसष्टाव्या वर्षी कुणीतरी मला सावध करतंय, बरं वाटलं. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायच्या नाहीत, हेही आहे.

वेळ मी ठरवली — सकाळी सहा. रिकामं पोट म्हणजे सकाळ, त्यात विचार काय करायचा?

अडचण एकच. नवरा पहाटे चारला खाली बेकरीत जातो. म्हणजे गोळ्या घेऊन मला जिना उतरावा लागणार. लग्नानंतर एकदा खाली गेले होते, पिठाने शिंका आल्या, ते शेवटचं. पुढे हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काढली, दुपारी तीन ते रात्री अकरा. मी झोपेत असताना हा उठायचा, हा झोपेत असताना मी यायचे. मधल्या मधे एक मुलगी कशी झाली देव जाणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

ठीक सहाला खाली.

"काही खाल्लं नाहीस ना?"

"नाही."

चार गोळ्या, एक ग्लास पाणी. मग सात वाजेपर्यंत तिथेच स्टुलावर पहारा. अठ्ठेचाळीस वर्षं पावांत वावरलेला माणूस, त्याचा भरवसा कोण देणार? भट्टीवाला म्हणाला, "काकू, कॅमेरा लावा की. तुम्ही कशाला तसदी घेता?" म्हटलं, कॅमेऱ्याला ओरडता येत नाही.

शिंका आल्या नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

पाव पाकिटांत कसे कोंबतात ते मला बघवेना. एक उलटा, एक सुलटा, कोपरे चेपलेले. शेवटी मीच भरायला बसले. नवरा म्हणतो, "बाईसाहेब, आमच्या माणसांना तेवढं पळवून लावू नका." हातांना पीठ लागलं, केसांनाही. मुलीला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की फोन ठेवून दिला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन आठवड्यांची तपासणी. रक्ताच्या खिडकीवर त्याचं वय एकाहत्तरऐवजी सतरा लिहिलं होतं! ते दुरुस्त करून घेण्यात माझा पाऊण तास गेला. तोवर नर्सने त्याला आत नेऊन प्रेशर मोजलं. जरा वर आहे. "बघू," डॉक्टर म्हणाले. बघू म्हणायला मीही फी घेतली असती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

घोटे सुजलेत. बोटाने दाबलं की खळगा राहतो. पोटऱ्यांत गोळे येतात. तो म्हणतो, उभ्याचं काम आहे. अरे, उभ्याचं काम अठ्ठेचाळीस वर्षं आहे, खळगे या आठवड्यातले!

माझा संशय औषधवाल्यावर. या वेळच्या डब्याचा निळा रंग फिका आहे. दुकानात जाऊन डब्यावरचा नंबर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. बिचारा म्हणाला, "मॅडम, रंग कंपनी ठरवते, मी नाही." बिचारा मी आत्ता लिहिलं. तिथे तसं काही वाटलं नव्हतं.

५ मार्च, बुधवार

प्रेशर एकशेसत्तर. पोटॅशियम खाली. लिव्हरचा आकडा वर सरकलाय. आणि कॅन्सरचा आकडा? निम्म्यावर आला! म्हणजे गोळ्या लागू पडताहेत आणि अंगाला सोसवत नाहीत.

पोटॅशियमचं औषध दिलं, प्रेशरची गोळी दिली. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. असंच राहिलं तर मोठ्या गोळ्या थांबवाव्या लागतील. मग पुढे काय, मी विचारलं. "पर्याय आहेत, बाई. पण इतकं छान लागू पडलेलं हातचं घालवावंसं वाटत नाही." ('बाई' म्हणाले. तेवढी सुधारणा आहे.)

मग त्यांनी विचारलं, "रिकाम्या पोटीच घेतात ना?"

"मी स्वतः देते," मी म्हटलं. ताठ बसून.

नवरा बुटांकडे बघत होता.

८ मार्च, शनिवार

पावणेपाचला जाग आली, मग झोप लागेना. पडून आकडे घोळवण्यापेक्षा खाली जावं म्हटलं. सव्वापाचला दारात उभी राहिले. कुणाचं लक्ष नव्हतं.

पहिला ट्रे बाहेर आला. नवऱ्याने कोपऱ्यातला पाव उचलला, तोडला, वास घेतला, तोंडात टाकला. दुसरा ट्रे, तेच. मग बनच्या ट्रेमधला अर्धा बन. मग बोटभर क्रीम. मग बिस्किट, एक नाही, दोन — कडेचं वेगळं भाजतं म्हणे आणि मधलं वेगळं.

"हे काय चाललंय?"

दचकला. पण लपवलं काही नाही. "चाखतोय."

"खातोयस!"

"खाणं म्हणजे बसून, ताटात वाढून घेऊन. हे काम आहे माझं."

"पोटाला ते कळतं का?"

भट्टीवाला मधे पडला. "काकू, उस्ताद रोजच चाखतात. त्याशिवाय माल बाहेर जात नाही."

रोज! पाच ते सहा, अकरा ट्रे. मी सहा ते सात डोळ्यांत तेल घालून बसले आणि आधीचे दोन तास मोकाट सोडले. रोज विचारलं, काही खाल्लंस का. तो रोज नाही म्हणाला, आणि त्याच्या हिशेबी ते खरंच होतं. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

गोळ्या दिल्या नाहीत. वर आले आणि नऊ वाजता डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. एवढ्यानेही आकडे असे होऊ शकतात, म्हणाले. मग म्हणाले, "सहालाच का देता पण? पोट रिकामं असलं की झालं. रात्री द्या. आजपासूनच."

"सकाळीच घ्यायच्या असतात ना?"

"असं कोण म्हणालं?"

फोनवर एवढी गप्प मी एकतीस वर्षांत झाले नव्हते.

९ मार्च, रविवार

कागद तिसऱ्यांदा वाचला. 'सकाळ' हा शब्द त्यात कुठेही नाही.

नवी वेळ रात्री नऊ. साडेसहाला त्याचं जेवण, नंतर फक्त पाणी. पहाटे काय हवं ते चाखावं, छोटी गोळी सकाळच्या नाश्त्याबरोबर. काल रात्री पहिल्या घेतल्या. पलंगावर बसून, पायजम्यात, एका मिनिटात. पहारा नाही, काही नाही. दहाला हा घोरत होता.

औषधवाल्याची माफी मागितली. पुरेशा मोठ्याने, कारण त्या दिवशीची दोन गिऱ्हाइकं तिथे होती. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, रोज कोणीतरी असतंच."

माफीसुद्धा रांगेत उभी राहून मागितल्यासारखी झाली.

१४ मार्च, शुक्रवार

सूज उतरलीय. दाबून पाहिलं, खळगा नाही.

सहाला जाग येतेच. उठायचं कारण नाही, तरी येते. पडून राहते. खालून ट्रे आपटल्याचे आवाज ऐकू येतात, कुणीतरी हसतं. दुपारी दुकानातलं एक पाकीट सहज हातात घेतलं. पाव पुन्हा उलटसुलट. माझं काय जातं?

नवरा हल्ली सातला वर येतो तेव्हा विशेष बोलत नाही. थकला असेल.

२१ मार्च, शुक्रवार

प्रेशर एकशेअडतीस. पोटॅशियम जागेवर. लिव्हरचा आकडा खाली यायला लागलाय. गोळ्या चालू! डॉक्टर खुर्चीतून उठून आमच्याबरोबर दारापर्यंत आले. नवरा त्यांना म्हणाला, "चूक माझी होती." मी म्हटलं, "वेळ मी ठरवली होती." डॉक्टर म्हणाले, बाहेर जाऊन भांडा.

मुलीला फोन केला. या वेळी ती हसली नाही, रडली. मग मला म्हणाली, "आई, तू रडू नकोस हं." मी कुठे रडत होते!

२२ मार्च, शनिवार

काल निघताना नर्स भेटली. म्हणाली, "बरं झालं वेळ बदललीत. मी काकांना पहिल्या तपासणीलाच सुचवलं होतं, तुमचं काम पहाटेचं, गोळ्या रात्री घेतल्या तरी चालतील. तुम्ही तेव्हा खिडकीवर होतात. काका नकोच म्हणाले. म्हणे, सहाचीच वेळ राहू दे. त्या निमित्ताने ती खाली येते."

त्याला विचारलं नाही. आज सहाला खाली गेले. हात रिकामे.

त्याने वर बघितलं. "काय राहिलं?"

"काही नाही. सरक जरा, स्टूल कुठाय माझं?"