वाचून न दाखवलेला अर्ज

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. माणूस गेलं की लोक त्याचं चांगलं तेवढं आठवतात. मला ते जमत नाही. हिंगणघाटच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली सतरंजी टाकून तुम्ही जन्मभर लोकांचे अर्ज लिहिलेत. अर्ज लिहून झाला की तो समोरच्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा आणि मगच त्याचा अंगठा घ्यायचा, हा तुमचा नेम. एकदा मी तुमचा डबा घेऊन आले, तेव्हा एक म्हातारी न ऐकताच मान डोलावत होती. तुम्ही खेकसलात, "मुंडी नोको हालवू माय. आयक. अर्ज तुहा हाय, माहा नाई." आणि सगळा अर्ज तिला पुन्हा वाचून दाखवलात. मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता! आता तो आठवला की स्वतःचीच चीड येते.

मॅट्रिक झाल्यावर तुमच्याच एका पाठकोऱ्या कागदावर मी माझी पुढची वर्षं मांडली होती. दोन वर्षं इंटर, मग दोन वर्षं बी.ए., तेही राज्यशास्त्रात ऑनर्स घेऊन, आणि त्यानंतर नागपूरला एम.ए. आणि एलएल.बी. दोन्ही एकदम. पुष्कळ मुलं तसं करत. सकाळी कायद्याचे वर्ग, दुपारी एम.ए.चे. कागद वाचून तुम्ही हसलात. "वकिलाले ऑनर्स काऊन पायजे वं? जज्ज काय तुहे मार्क पाह्यनार हाय?" मी म्हटलं, पाहू देत की. तो कागद मी स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. एकेक वर्ष पार पडलं की आई त्यावर हळदीच्या बोटाने टिंब लावायची. वर्ध्याला रोज गाडीने जाऊन-येऊन मी ऑनर्सचे जास्तीचे पेपरही दिले. चार टिंबं लागली होती, बाबा.

मग ती सकाळ. मी भाकरी थापते आहे, हात पिठाने भरलेले. नागपूरच्या प्रवेशाचा अर्ज तुम्हीच लिहिणार, हे घरात ठरलेलंच होतं; तुमच्याहून चांगला कोण लिहिणार? तुम्ही कागद पुढे धरता, टाक हातात देता. "कर सही. टपाल निघून राह्यलं." मी लुगड्याला हात पुसते आणि सही करते. साऱ्या तालुक्याला वाचून दाखवणारे तुम्ही, पोटच्या पोरीला एक ओळ वाचून दाखवली नाही. महिन्याभराने पत्र आलं ते बी.टी.ला प्रवेश मिळाल्याचं. वकिलीचा अर्ज तुम्ही केलाच नव्हता. मला मास्तरीण करायचं तुम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "'अर्जदारास बालपणापासून अध्यापनाची ओढ आहे!' कोणाला आहे ओढ? मला, की तुम्हाला?" आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिलात, मग म्हणालात, "कोर्टात बाईले कोनी बसाले खुर्ची देत नाई. मी रोज पाह्यतो." खोटं. खुर्ची तुम्हालाही कोणी दिली नव्हती. एखादा वकील सतरंजीजवळून गेला तरी तुम्ही उठून उभे राहायचात. उद्या मी काळा कोट घालून आले असते तर माझ्यासाठीही उठावं लागलं असतं, तेच तुम्हाला झेपलं नसतं. तुम्ही भित्रे होतात बाबा, आणि तुमची भीती तुम्ही सुवाच्य अक्षरात माझ्या नावावर लिहिलीत. तुमच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसले, औषधं दिली, पण बोलले नाही. त्याचंही मला वाईट वाटत नाही.

तेहतीस वर्षं मी मुलींना शिकवलं. दरवर्षी पहिल्या दिवशी सांगायची, वाचल्याशिवाय कुठे सही करू नका, माझ्या वडिलांनी मला असं फसवलं. मुली हळहळायच्या. मला ते आवडायचं.

हे पत्र फडताळात त्या पिवळ्या कागदामागे ठेवीन. दुसरीकडे धाडायचं तरी कुठे? पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय ठेववत नाही. त्या सकाळी सहीआधी तुम्ही आंघोळीला गेला होतात. अर्ज डेस्कवर उघडा होता, शाई वाळत होती. मी तो वाचला. दोनदा वाचला. नागपूर, सकाळचे वर्ग, काळ्या कोटातले ते सगळे पुरुष, यांची मला इतकी धास्ती वाटत होती की तो वाचून माझा जीव भांड्यात पडला. मी जाऊन पुन्हा भाकरी थापायला बसले. नाहीतर 'अध्यापनाची ओढ' हे वाक्य मला पाठ कुठून असणार? जन्मभर लोकांच्या जबान्या ऐकलेले तुम्ही. मी ते ओरडले तेव्हाच तुमच्या ध्यानात आलं असणार. तुम्ही मला विचारलं नाहीत.